जर्मनीचं डावखुरं स्थळ

माझी मुलगी पायल अकरावीत असताना मी तिच्यासाठी जर्मनीहून बंदूक मागवली होती. एवढं ऐकलं की लोक खुर्ची जरा मागे सरकवतात, म्हणून पुढचं लगेच सांगून टाकतो. ही बंदूक म्हणजे हवेवर चालणारी, स्पर्धेत कागदाच्या टार्गेटवर नेम मारायची रायफल. तिने चिमणीही दचकत नाही. या सगळ्यात जीव गेला तो माझा एकट्याचा, आणि तोही अर्ज करकरून.

साल सत्त्याण्णव. देवळाली कॅम्पच्या रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात रवी सर म्हणून एका उत्साही माणसाने नेमबाजीचा क्लब काढला होता. जिथे पंगती उठायच्या तिथे आता दहा मीटरची रेंज होती. स्टेजवर नवरानवरीच्या जागी टार्गेटं लावली होती. मागच्या भिंतीवरचं थर्माकोलचं 'शुभविवाह' काढायला शिडी मिळाली नव्हती, त्यामुळे पोरं 'शुभविवाह'च्या बरोबर खाली छर्रे मारत. माझ्या मते तो क्लबमधला सर्वांत बोधप्रद देखावा होता, पण हे मी छायासमोर कधी बोललो नाही. छाया म्हणजे माझी पत्नी. ती नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि माझे विनोद ती निबंधासारखे तपासते.

एके दिवशी रवी सरांनी मला बाजूला घेतलं. "दोंदे साहेब, पोरीचा हात असा स्थिर आहे की बघत राहावं. पण ती नेम डाव्या बाजूने धरते. आमच्या तिन्ही रायफली उजव्या. गाल टेकवायची जागा उलट्या बाजूला, खटका उलट्या बाजूला. डिसेंबरात पुण्याला निवड चाचणी आहे. डावी रायफल मिळाली तर ही पोरगी महाराष्ट्राच्या संघात जाईल. नाही मिळाली तर नाही जाणार."

"मग डावी घेऊ," मी म्हणालो. पाटबंधारे खात्यातला वरिष्ठ लिपिक असून मी असं बेजबाबदार विधान केलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

डावी रायफल आपल्याकडे बनत नाही, ती बाहेरूनच येते. मुंबईच्या एका दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सव्वा लाख." मी म्हटलं, पायल नेम मारणार आहे, युद्धावर जाणार नाही. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तिकडे दुकानात मिळते म्हणून स्वस्त. इकडे आणू देत नाहीत म्हणून महाग. त्यातून तुमची डावी. माझ्याकडे ती नाहीये, तरी मी भाव सांगतोय, यावरून काय ते समजा." घोटीचा तांदूळ नाशिकरोडला दोन रुपये महाग मिळाला तर मी दुकानदाराशी अर्धा तास वाद घालतो. इथे मात्र नसलेल्या मालाचा सव्वा लाख भाव ऐकून मी "थँक्यू" म्हणालो आणि फोन ठेवला.

तेव्हा छायाला तिचा भाऊ आठवला. जीवन सातपूरच्या एका कारखान्यात होता आणि कारखान्याने त्याला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं होतं. नोव्हेंबरच्या अखेरीस तो परतणार होता. जिथे रायफली बनतात तिथेच आपला माणूस बसलाय म्हटल्यावर मी कोपऱ्यावरच्या मनीषाच्या आयएसडी बूथवर गेलो आणि फोन लावला. काचेच्या खोलीचं दार नीट लागत नसे आणि जर्मनी लांब असल्यामुळे मला ओरडावं लागलं.

"जीवन, बंदूक हवी! तिकडे स्वस्त मिळते ना? मग इकडे घेऊन ये!"

बाहेरच्या बाकावर बसलेल्या एकाने आपलं पोर मांडीवर उचलून घेतलं. मनीषाने बिल देताना माझ्या हाताला हात लागू दिला नाही.

आमच्या शेजारी हवालदार फकिरा पगारे राहतात. तोफखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे एक किलोमीटरच्या आतली कोणतीही गोष्ट त्यांना गंभीर वाटत नाही. एअर रायफलचा छर्रा त्यांनी चिमटीत धरून पाहिला आणि करुणेने परत केला. पण फोनचं ऐकून ते सरसावून बसले. "दोंदे, सिव्हिलियनची हीच गडबड आहे. अरे, असा माल उघड बोलायचा नसतो. कोडवर्ड ठेवायचा. घरातली मुलगी आहे, तिच्यासाठी परदेशातून काहीतरी यायचंय. सरळ 'मुलगा' म्हण. कोणाला शंका येणार नाही."

आयुष्यात मी जे जे सल्ले ऐकले त्यांत इतका निर्दोष दिसणारा दुसरा नव्हता. मी जीवनला पत्राने कळवलं की यापुढे फोनवर रायफलला 'मुलगा' म्हणायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन लावला.

"जीवन, मुलगा बघितलास का?"

पलीकडे चाळीस रुपयांची शांतता पसरली. मग त्याला आठवलं. "हां दाजी, बघितला. पण सेकंडहँड आहे."

"सेकंडहँड चालेल! आधी कोणाकडे होता?"

"इथल्या क्लबातल्या एका म्हातारीकडे. तिला आता झेपत नाही."

"एकाच म्हातारीने वापरलाय? मग काही हरकत नाही. वजन किती?"

"पाच किलो."

"पाच किलो पायलला पेलेल. डावखुरा आहे ना नक्की?"

"एकदम. म्हणून तर गिऱ्हाईक नाही. सहाशे मार्कांत देतायत."

"सहाशे मार्क म्हणजे साडेबारा हजार! इकडे सव्वा लाखाला मिळत नाही! सोडू नकोस त्याला. कुठे वाकलाबिकला नाही ना, ते चांगल्या माणसाकडून तपासून घे आणि नोव्हेंबरात बरोबरच घेऊन ये."

मी विजयी मुद्रेने बाहेर आलो. बाकावर कुसाबाई बसल्या होत्या. कुसाबाई मखमलाबादच्या. त्यांचा फुलांचा मळा आहे. मुंबईच्या बाजारात शेवंतीचा भाव काय निघाला हे विचारायला त्या रोज बूथवर येत आणि टोपलीतली उरलेली फुलं आमच्या कॉलनीत विकून जात. फुलांबरोबर बातम्या फुकट असत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पँटची चेन लागली आहे का ते बघितलं.

इकडे कागदाची लढाई सुरू झाली होती. परदेशातून रायफल आणायला परवाना लागतो आणि परवान्यासाठी 'नामवंत नेमबाज' असल्याचा दाखला लागतो, असं मला मुंबईच्या एका कचेरीत कळलं. तिथला लिपिक माझ्याच वयाचा होता. आम्ही एकमेकांना लगेच ओळखलं, दोन म्हशी एकमेकींना ओळखतात तसं.

"चारशेपैकी तीनशे सत्तर गुण आणा, दाखला घेऊन जा," तो म्हणाला.

"तिला तीनशे बावन्न पडतात, कारण रायफल उजवी आहे. डावी मिळाली की तीनशे सत्तर पडतील."

"डावीसाठी दाखला लागतो."

"आणि दाखल्यासाठी डावी."

"बरोबर समजलात," तो मनापासून म्हणाला. माझ्या बावीस वर्षांच्या सेवेत मी कित्येक शेतकऱ्यांना असंच परत पाठवलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला पलीकडच्या बाजूने काउंटर केवढा उंच दिसतो ते कळलं.

घरी येऊन मी पायलला सांगितलं की आता हे काही जमायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेज सुटलं की रोज तीन तास त्या उलट्या रायफलीवर गाल दाबून उभी राहायला लागली. लाकडाची कड गालाच्या हाडावर बसायची. आठवडाभरात तिच्या डाव्या गालावर हिरवट निळा डाग उमटला. छाया हळद लावायची आणि ती सकाळी धुऊन पुन्हा जायची. ऑक्टोबरातल्या जिल्हा स्पर्धेत तिला तीनशे एकाहत्तर पडले. रवी सर रडले. मी रडलो नाही, मला सर्दी झाली होती.

दाखला मिळाला. आता फक्त पोलिसांची चौकशी राहिली, म्हणजे अर्जदाराचं घर सभ्य आहे असा अहवाल. आमचं घर इतकं सभ्य आहे की पाहुणे लवकर उठतात. मी निर्धास्त होतो. चौकशीला आलेल्या शिपायाने मात्र माझ्या घराची बेल न वाजवता कॉलनीच्या तोंडाशी फुलांची टोपली घेऊन बसलेल्या बाईंना विचारलं, दोंदे माणूस कसा आहे.

कुसाबाई काय म्हणाल्या ते त्यांनीच मला नंतर अभिमानाने सांगितलं. "म्या काय खोटं बोलले? म्हनलं, मानूस दिसाया गरीब हाय, पन पोरीच्या बाबतीत लय वंगाळ. सोळा वर्साची पोर जर्मनीच्या बिजवराला देतोय. तो बी कोन्या म्हातारीनं वापरून टाकल्याला. आन् पोर नाय म्हनती म्हनून तिला मारतो. गाल बघा म्हनलं, काळानिळा हाय. आन् नवरा किती, तर पाच किलोचा! आजारी असंल, नायतर काय!"

तिसऱ्या दिवशी मला चौकीत बोलावलं. फौजदार तरुण होते आणि त्यांच्यासमोर माझ्यावरचा लेखी अहवाल होता. मी आयुष्यभर इतरांचे अहवाल लिहिले, माझा स्वतःचा पहिल्यांदाच पाहत होतो. अक्षर चांगलं होतं.

"मुलीचं वय सोळा आणि तुम्ही साडेबारा हजार रुपये..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझे कान तापले. अपमान गिळायची मला सवय आहे, पण तो निदान खात्यातला असतो. मी बोलायला गेलो आणि घाबरून नेमकं हेच म्हणालो की, "साहेब, मुलगा नाही हो तो, एका म्हातारीकडची वस्तू आहे."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. बाहेर बसलेल्या छायाला आतलं सगळं ऐकू येत होतं. ती पायलचा हात धरून सरळ आत आली. जिल्हा स्पर्धेचं प्रमाणपत्र, दाखला आणि जीवनने पाठवलेला रायफलीचा फोटो तिने टेबलावर मांडला, पायलचा गाल उजेडात धरला आणि वर्गात सांगावं तसं पाच मिनिटांत सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि यांना कोडवर्ड सुचवणारे आमचे शेजारी बाहेर उभे आहेत. त्यांना आत घेतलंत तरी माझी हरकत नाही."

फौजदार इतके हसले की शिपाई पाणी घेऊन धावत आला. अहवाल बदलला, पण त्यात दोन आठवडे गेले. हवालदार पगारे मात्र म्हणाले, "कोडवर्ड फुटला नाही ना? मग कामगिरी फत्ते."

परवाना अखेर हातात पडला. आम्ही अर्जात 'रायफल (डावी), नग एक' असं स्वच्छ लिहिलं होतं. कोणा विद्वानाने त्याचं इंग्रजी केलं होतं, 'वन रायफल लेफ्ट.' मी ते वाचलं आणि बरोबर आहे म्हणून फाइलला लावलं. इंग्रजी कागद आला की आम्ही लिपिक लोक अर्थाकडे न बघता शिक्क्याकडे बघतो.

सत्तावीस नोव्हेंबरला जीवन मुंबईला उतरला आणि त्याने विमानतळावरून फोन केला. "दाजी, मुलगा पकडला."

कोडवर्डाची ताकद मला तेव्हा कळली, कारण क्षणभर मलाही वाटलं की कोणीतरी मुलगा पकडला. पुण्याची चाचणी तीन डिसेंबरला होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने मी, पायल आणि बोलावलेलं नसताना हवालदार पगारे मुंबईला निघालो. कसारा घाटात हवालदारांनी पायलला वाऱ्याचा अंदाज कसा घ्यायचा ते शिकवलं. दहा मीटरच्या बंद हॉलमध्ये वारा नसतो, हे तिने त्यांना सांगितलं नाही. पोर गुणी आहे.

कस्टमचे अधिकारी चष्म्यातले, रत्नागिरीकडचे आणि अत्यंत शांत होते. समोर लांब काळी पेटी उघडी होती. आत ती रायफल होती. पायलने हात पुढे केला आणि परत मागे घेतला.

"परवान्यावर लिहिलंय, वन रायफल लेफ्ट," अधिकारी म्हणाले. "म्हणजे एक रायफल शिल्लक. बाकीच्या कुठे आहेत?"

"साहेब, शिल्लक नाही. डावी."

"शिल्लक नाही तर ही काय आहे?"

हवालदार पगारे सॅल्यूट ठोकून काहीतरी खुलासा करायला पुढे झाले, त्यांना तिथेच थांबलेल्या जीवनने चहाला नेलं. मी दाखला, गुणपत्रिका, रवी सरांचं पत्र, सगळं काढलं. पाऊण तासाने अधिकाऱ्यांना 'लेफ्ट'चा उलगडा झाला. ते म्हणाले, "ठीक. डाव्या हाताच्या खेळाडूसाठी डावी रायफल. मुली, इथे सही कर आणि घेऊन जा."

पायलने पेन उचललं आणि सही केली. सुरेख, वळणदार.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "ही तर उजव्या हाताने लिहिते."

मी पाहिलं. ती उजव्या हातानेच लिहीत होती. ती रोजच उजव्या हाताने लिहायची, रोज माझ्यासमोर, आणि त्यात काही विचित्र आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं.

"डावखुरी मुलगी उजव्या हाताने सही कशी करेल? परवाना डावखुऱ्या खेळाडूचा आहे. माल दुसऱ्याच कोणासाठी आलेला दिसतोय. तिकडचा स्वस्त माल असा दुसऱ्याच्या नावावर आणून इकडे दसपट भावाने विकणारे पुष्कळ आहेत." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "याची रीतसर चौकशी होईल. पंधरा-वीस दिवस धरा."

पाच दिवसांवर चाचणी. पायलने माझ्याकडे बघितलंही नाही, ती त्या झाकणाकडे बघत होती. मी तिला सोळा वर्षं ओळखतो. ती रडणार नव्हती, ती घरी जाऊन पुन्हा त्या उलट्या रायफलीवर गाल दाबणार होती.

"साहेब," मी म्हणालो, "ती डावखुरीच आहे. लिहायला मी उजव्या हाताने लावली."

"म्हणजे?"

इथे माझ्याजवळ दहा तयार उत्तरं होती. शाळेचे नियम होते, घरात वडीलधारे होते, लोक काय म्हणतील असं होतं. बावीस वर्षं असलीच उत्तरं देऊन मी पगार घेतला. पण झाकण लागलेलं होतं.

"पहिलीत असताना ती डाव्या हाताने पाटीवर लिहायची. मी तिचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधायचो आणि उजव्या हाताने अ-आ-इ गिरवून घ्यायचो. संध्याकाळी, रोज."

अधिकाऱ्यांनी एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. "हे असंच लिहून द्या."

कोणाला काही लेखी द्यायचं नाही, हे आमच्या खात्यातलं पहिलं शिक्षण. मी टोपण काढलं आणि लिहिलं. 'अर्जदार या नात्याने मी कबूल करतो की...' शाळेचं नाव लिहिलं, रुमाल लिहिला, खुर्ची लिहिली. 'हे एक वर्ष चालू होतं' असं लिहिलं. पायल माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"दोन वर्षं, पप्पा," ती हळूच म्हणाली. "दुसरीतपण."

तिच्या आवाजात राग नव्हता, तारीख दुरुस्त करावी तसं ती म्हणाली. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी 'एक' खोडून 'दोन' केलं आणि खाडाखोडीवर नियमाप्रमाणे छोटी सही केली.

पुण्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण लोक मध्येच विचारतात. तिला तीनशे त्र्याऐंशी पडले, पाचवी आली, संघ सहा जणींचा होता. हवालदार पगारे ती बातमी सांगताना स्पर्धा तोफांची होती असं सुचवतात. कुसाबाईंनी शेवंतीचा हार फुकट दिला आणि मला मात्र अजून माफ केलेलं नाही.

पण त्या दिवशी कस्टममध्ये हे काहीच आम्हांला माहीत नव्हतं. अधिकाऱ्यांनी माझा कागद दोनदा वाचला. "खाली मुलीचीही सही लागेल," ते म्हणाले.

पायलने पेन उचललं. उजव्या हातात आलेलं पेन तिने पाहिलं आणि डाव्या हातात घेतलं. ओठ दाताखाली धरून, कागद वाकडा करून, एकेक अक्षर जोडत तिने नाव लिहिलं. पहिलीतलं पोर लिहितं तसं, 'प'ची दांडी वाकडी, 'ल' खाली घसरलेला. भरपूर वेळ लागला. मागे रांगेतला एक माणूस वैतागून घड्याळ बघत होता.

अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "ही सही मघाच्या सहीशी जुळत नाही."

सही जुळत नाही म्हणून मी आजवर किती बिलं परत पाठवली असतील, देव जाणे.

"मघाची मी शिकवलेली आहे, साहेब," मी म्हणालो. "तिची ही आहे."

त्यांनी शिक्का उचलला आणि त्या वाकड्या नावाच्या बाजूला, नावाला धक्का न लावता, मारला.